गाडी सेल्फ घेत नाहीये, फक्त एकदा ‘कट’ वाजतं. बॅटरी, स्टार्टर की अजून काही?

तिरफळ

मंडळी जरा अर्जंट आहे म्हणून जुने धागे न चाळता सरळ विचारते. गणपतीला सासरी आलोय, देवगडजवळ, गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, वर सीएनजी किट, पुण्यात रोजची चालती गाडी आहे. आल्यापासून अंगणात माडाखाली उभी, पाऊस चालूच, समुद्र हाकेच्या अंतरावर.

तर झालंय असं की चावी फिरवली की ‘कट’ असा एकच आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. कट-कट-कट-कट असं नाही हां, एकदाच. डॅशबोर्डवरचे दिवे सगळे लागतात, हॉर्न दणदणीत, हेडलाईट पण नेहमीसारखे. पुण्यातून निघायच्या आधी थोडी थोडी कुरकुर करत होती, म्हणजे सेल्फ जरा आळसावल्यासारखा फिरायचा, पण चालू व्हायची म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

काल दिरांच्या गाडीवरून जंप (त्यांच्या बॅटरीतून केबलने करंट) लावून बघितला, लाल प्लसला, काळी मायनसला, तरी तोच कट. मग घरातल्या पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर लगेच चालू! बाजारात जाऊन आलो, मस्त पळाली, अंगणात बंद केली आणि परत जैसे थे.

इथला एक इलेक्ट्रिशियन बघून गेला, बोनेट उघडलं, चावी फिरवायला लावली आणि म्हणाला स्टार्टर (म्हणजे सेल्फची मोटर) गेलाय, कणकवलीहून मागवावा लागेल, साडेआठ हजार. सासरे म्हणतात डायनॅमो. नवरा म्हणतो बॅटरी, पण बॅटरी गेल्या दिवाळीत नवीन टाकलीय. घरात प्रत्येकाचं वेगळं मत आहे आणि गाडी जागची हलत नाहीये.

अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, क्लच अचानक जड झालाय. आणि काल लागोपाठ चार-पाच वेळा चावी फिरवली तेव्हा प्लास्टिक जळल्यासारखा हलका वास आला, मला वाटलं शेजारी कोणी कचरा पेटवलाय.

गौरी-गणपती विसर्जन झालं की फोंडा घाटाने कोल्हापूर आणि पुढे पुणे असं जायचंय, सोबत लहान मूल आणि सासूबाई. धक्कास्टार्ट गाडी घेऊन घाट चढायची माझी तयारी नाही. काय बघू आधी?

काडीपेटी

बॅटरी. डोळे झाकून बॅटरी. नवीन बॅटरी पण खराब निघते, माझी तर वॉरंटीत असतानाच बसली होती. दिवे लागतात याचा अर्थ काही नसतो हो, दिव्याला पाच-दहा अँपिअर पुरतात आणि सेल्फला शंभरच्या वर लागतात.

फिरस्ता बारा

सीएनजीवाल्या गाडीत हमखास होणारी गोष्ट म्हणजे पेट्रोल पंप. लोक दोनशेचं पेट्रोल टाकून महिनोन्‌महिने फिरतात, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असला तरच थंड राहतो, कोरडा चालला की मरतो. आणि ही गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग सीएनजीवर जाते ना, मग पेट्रोल नाही तर स्टार्ट नाही. त्यात आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, त्यात पाणी शिरलं की अजून मजा. चावी ऑन करून मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽ असा आवाज येतो का बघा.

पाना दहाचा

फिरस्ता, तुमचं पंपाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे पण ते दुसऱ्या आजाराचं औषध आहे. इंजिन फिरतंय, सेल्फ घर्र घर्र करतोय पण पेट घेत नाही, तेव्हा पेट्रोल, स्पार्क, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर (चावीची चिप ओळखणारं कुलूप) हे सगळं बघायचं. इथे इंजिन फिरतच नाहीये. आणि धक्क्यावर लगेच चालू झाली म्हणजे पंप, स्पार्क, चावीची चिप, सगळं ठीक. हे आधी डोक्यातून काढून टाका, निम्मं काम तिथेच होतं.

आता तिरफळ ताई, तुम्ही जे शेवटी ‘संबंध आहे की नाही माहीत नाही’ म्हणून लिहिलंय ना, मला त्यातच सगळं दिसतंय. पण त्याआधी एक गोष्ट करून सांगा. संध्याकाळी अंधार पडला की हेडलाईट लावा, गाडीचं तोंड भिंतीकडे असेल तर उत्तम, आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. ‘कट’ होताना उजेड एकदम मंद होतो, थोडासा हलतो, की जसाच्या तसा राहतो?

मंद होऊन पार विझायला आला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. जसाच्या तसा राहिला तर बॅटरीत दम आहे पण तो करंट स्टार्टरपर्यंत जात नाहीये किंवा स्टार्टरमधून परत येत नाहीये. हे ‘परत येणं’ लोक विसरतात. प्लसची जाड वायर सगळ्यांना दिसते, मायनसकडे कोणी बघत नाही.

आणि घरात किंवा शेजारी कोणाकडे मल्टीमीटर आहे का? इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याकडे असतोच. साधा चालेल.

नानांची पडवी

ताई, स्टार्टरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले असणार. आमच्याकडे पूर्वी ट्रक होते, अशा वेळी एकाने चावी धरायची आणि दुसऱ्याने खाली जाऊन पान्याच्या दांड्याने स्टार्टरच्या अंगावर टकटक करायचं. फिरला तर कार्बनच. मग स्टार्टर उतरवून कार्बन आणि बुश बदलून घ्यायचे, दोन तासांचं काम, पूर्ण नवीन स्टार्टर कशाला? साडेआठ हजार ऐकून मला तरी हसू आलं. हल्ली दुरुस्ती कोणाला करायचीच नसते, सगळे ‘असेंब्ली बदला’ म्हणतात.

पाना दहाचा

नाना, टकटक मी पण करतो, आणि तुमची शंका रास्त आहे, एकच कट येतो त्यात सोलेनॉइडचे (चावी फिरवली की स्टार्टरला करंट जोडणारा स्विच, ‘कट’ तोच वाजतो) कॉन्टॅक्ट जळलेले किंवा कार्बन संपलेले हे पहिल्या नंबरचे संशयित. पण कार्बन गेले म्हणून क्लच जड होत नाही.

काडीपेटी

क्लचचा आणि सेल्फचा काय संबंध? हां, काही गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, त्याचा स्विच पेडलवर असतो. तो गेला असेल.

पाना दहाचा

तो स्विच गेला तर ‘कट’ सुद्धा आला नसता, सोलेनॉइडपर्यंत सिग्नलच गेला नसता. रीडिंग येऊ द्या, मग सांगतो. उगाच आधी बोलून तोंडघशी पडायला नको.

उंदीरमामा

बोनेटखाली उंदराने वायर कुरतडल्यात का तेही बघून घ्या. पावसात कोकणात उभी राहिलेली गाडी म्हणजे त्यांचा लॉजच. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात चक्क सुपारीची सालं आणि कापूस सापडला होता. तंबाखूची पानं फडक्यात बांधून ठेवा म्हणतात, मी ठेवली, एका रात्रीत फडकंपण गायब.

तिरफळ

उंदीर नाही, बघितलं, फक्त एक बेडूक निघाला :)

पाना दहाचा, अंधारात बघितलं. हेडलाईट जवळजवळ जसाच्या तसा, कट होतो तेव्हा एक किंचित पापणी लवावी तसं होतं, बस. मल्टीमीटर शेजारच्या वायरमन काकांकडे मिळाला, काका स्वतःच आलेत. गाडी बंद असताना बॅटरी १२.४ दाखवते. आता काय मोजू?

पाना दहाचा

वा, काका आले म्हणजे काम सोपं. १२.४ म्हणजे पाऊणभर चार्ज. पूर्ण भरलेली १२.६ दाखवते, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली गेली की सेल्फ रडतो. म्हणजे तुमच्या बॅटरीत गाडी चालू करण्याइतका माल नक्की आहे.

आता असं करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पंख्याच्या पट्ट्याजवळ ओढणी, पदर, मूल कोणी नको. मीटर डीसी २० व्होल्टवर. मापं तीन घ्यायचीत आणि तिन्ही चावी फिरवून धरलेली असताना, दोन-तीन सेकंदांच्या वर धरायची नाही.

पहिलं माप थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. शिशाच्या टोकावर प्रोब टेकवा, वरच्या क्लँपवर नाही, कारण क्लँप आणि टोक यांच्यामध्येच बिघाड असू शकतो. चांगल्या बॅटरीवर सेल्फ फिरताना हे माप ९.६ च्या खाली जाऊ नये. दुसरं, एक प्रोब मायनस टोकावर आणि दुसरा बॉडीच्या कोऱ्या लोखंडावर, एखादा बिनरंगाचा बोल्ट बघा. तिसरं, एक प्रोब मायनस टोकावरच आणि दुसरा इंजिनच्या धातूवर. इंजिन उचलायचा हूक असतो ना, तो खरवडून तिथे टेकवा. दुसरं आणि तिसरं माप ०.२ च्या आसपास यायला हवं, फार तर ०.३. जे जास्त येईल तिथे करंट अडकतोय.

ओहमवर ठेवून कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का ते) बघू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पीं करून वाजतो आणि सांगतो सगळं ठीक. शंभर अँपिअर जाताना काय होतं ते बघायचं असतं.

तिरफळ

काका खूश आहेत, म्हणाले हा माणूस लाईनवर काम केलेला दिसतो.

बॅटरीवर चावी फिरवली तेव्हा ११.७. बॉडीला ०.०४. आणि इंजिनला ६.३!! काकांनी दोनदा बघितलं, प्रोब बदलून पण. आणि क्लच केबलला हात लावला तर गरम लागली, बंद गाडीत! वास पण तिथूनच येतोय.

पाना दहाचा

सापडलं. तुमचा स्टार्टर नव्वद टक्के ठणठणीत आहे, इंजिनचं अर्थिंग गेलंय.

कसं ते सांगतो कारण हे कळलं की परत कोणी फसवणार नाही. बॅटरीच्या मायनसमधून दोन वाटा निघतात, एक बॉडीला, एक इंजिन किंवा गिअरबॉक्सला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं म्हणजे बॉडीला त्याचा धड विजेचा संबंधच नाही, म्हणून त्याला वेगळी जाड अर्थ वायर किंवा विणलेली पट्टी देतात. दिवे, हॉर्न, डॅशबोर्ड यांचं अर्थिंग बॉडीला, ते तुमचं उत्तम आहे, म्हणून सगळं झगझगीत. स्टार्टर मात्र इंजिनवर बोल्टने बसलेला, त्याचं अर्थिंग म्हणजे इंजिनच. ती पट्टी गंजली की स्टार्टरचा करंट बॅटरीकडे परत यायला दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी दुसरी लोखंडी वस्तू कोणती? क्लच केबल. त्यातून जमेल तेवढा करंट गेला, केबल तापली, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळलं, म्हणून क्लच जड आणि म्हणून वास. बॅटरीचे बारापैकी सहाच्या वर व्होल्ट तिथेच खर्च झाले, स्टार्टरला उरलं काय? सोलेनॉइड कट करण्यापुरतं.

म्हणूनच जंपने पण काही झालं नाही. काळी क्लिप तुम्ही बॅटरीच्या मायनसला लावलीत, म्हणजे दुसऱ्या बॅटरीचा करंट पण त्याच तुटक्या वाटेवर येऊन थांबला. जंप केबलची शेवटची काळी क्लिप नेहमी बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर लावायची असते, बॅटरीपासून लांब. मुख्य कारण ठिणगी, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पण तशी लावली असती तर तुमची गाडी कालच चालू झाली असती.

आता खात्री करा. दिरांची गाडी नको, फक्त त्यांची काळी जंप केबल घ्या. एक टोक तुमच्या बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्या इंजिनच्या हुकाला घट्ट. लाल केबलला हात पण लावायचा नाही. आणि चावी मारा.

तिरफळ

चालू!!! अर्ध्या सेकंदात. असा सेल्फ मी गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता. सासरे अंगणात येऊन बघून गेले, म्हणतात डायनॅमोच असणार.

काडीपेटी

मानलं. बॅटरी मागे घेतो.

नानांची पडवी

कार्बन मीही मागे घेतो, पण साडेआठ हजारांचं माझं म्हणणं कायम आहे.

पाना दहाचा

सासऱ्यांना अगदीच चूक म्हणू नका, डायनॅमो म्हणजे अल्टरनेटर, चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा, त्याचं अर्थिंग पण इंजिनवरूनच येतं. अर्थ खराब तर बॅटरी नीट चार्ज होत नाही, म्हणून तर नवीन बॅटरी १२.४ वर लोळत होती. गाडी चालू असताना मोजलीत तर तेरा पण भरली नसती.

आता दुरुस्ती. जंप केबल लावून घाट चढायचा विचार सुद्धा नको, हादऱ्यांनी क्लिप सुटली आणि लाल टोकाला लागली तर आग. आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडा, दहाचा पाना लागेल, नेहमी मायनस आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. मग बॅटरी आणि तिचा ट्रे काढा, बहुतेक छोट्या गाड्यांत अर्थ वायर ट्रेखालून गिअरबॉक्सच्या बोल्टवर जाते. तिथे पावसाचं पाणी आणि बॅटरीची वाफ दोन्ही बसतं, वर तुमची खारी हवा. वरून वायर चांगली दिसेल, फसू नका, लगच्या (वायरच्या टोकाची, बोल्टवर बसणारी कडी) तोंडाशी इन्सुलेशन थोडं कापून बघा, आत हिरवी भुकटी निघेल.

नवीन वायर म्हणून २५ स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल चालते, फुटभर लांब, दोन्ही टोकांना तांब्याचे लग, ते पक्कडीने चेपायचे नाहीत, क्रिंपिंग मशीनने दाबून घ्या. काकांकडे किंवा त्यांच्या ऑफिसातल्या कोणाकडे असेल. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, रंग, गंज, ग्रीस काही नको, धातूला धातू भिडला पाहिजे. बोल्ट कसल्यावर मग वरून पेट्रोलियम जेली थापा. आधी नाही, नंतर. टर्मिनलवर पांढरं-हिरवं काही साठलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडं करा, तिथेही जेली.

आणि क्लच केबल बदलूनच निघा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. आतलं अस्तर वितळलंय, तार त्यात घासत चाललीय, फोंडा घाटात मागे एसटी आणि पुढे ट्रक असताना पहिल्या गिअरमध्ये ती तुटली तर तुम्ही तिथेच. ही केबल स्टार्टरच्या मानाने अगदीच स्वस्त, आणि बहुतेक स्पेअर पार्टवाल्याकडे मिळते. तुमच्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटर पण केबलचा असेल तर तोही हाताने ओढून बघा, अडकत असेल तर बदला. गिअर लिव्हरच्या केबलींवरही एक नजर टाका.

फिरस्ता बारा

एक शंका. अर्थ वायर बॉडीवर पण जास्तीची मारली तर चालेल का, म्हणजे इंजिन ते बॉडी? माझ्या जुन्या गाडीत कोणीतरी मारलेली आहे.

पाना दहाचा

चालेल, नुकसान नाही. पण मूळ गंजलेली तशीच ठेवून वर दुसरी मारण्यात अर्थ नाही (दोन्ही अर्थांनी).

तिरफळ

अपडेट. ट्रे काढला, वायर गिअरबॉक्सच्या टोकाला जवळजवळ तुटलेली, बोटाने हलवली तर लगच हातात आला आणि आतून खरंच हिरवी पूड. काकांनी केबल बनवून दिली, लग मशीनने दाबून आणले, पैसे घ्यायला तयार नाहीत म्हणून शेवटी मोदकांचा डबा दिला. क्लच केबल कणकवलीहून दिरांनी आणली, तोच इलेक्ट्रिशियन बसवून देऊन गेला. स्टार्टरचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही. जुनी केबल कापून बघितली तर आतलं काळं प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं ओघळून परत घट्ट झालेलं.

आता इंजिन ते मायनस माप चावी मारताना ०.१२, आणि चालू गाडीत बॅटरीवर १४.१. क्लच लोण्यासारखा.

एक विचारायचं राहिलं, दीर म्हणतायत तुमची दुसरी जुनी गाडी इथेच ठेवा, मे महिन्यात आणि गणपतीत वापरता येईल. मधले महिने उभी राहिली तर बॅटरी टिकेल का?

पाना दहाचा

१४.१ म्हणजे झकास, बिनधास्त घाट चढा.

उभ्या गाडीचं म्हणाल तर नाही टिकणार. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून २० ते ५० मिलीअँपिअर पीत असतात. पन्नास धरले तर दिवसाला सव्वा अँपिअर-अवरच्या आसपास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची, म्हणजे दोन आठवड्यांत अर्धी खाली. आणि शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं, मग ती परत पूर्ण भरत नाही. तेव्हा ठेवताना मायनस टर्मिनल सोडून बाजूला बांधून ठेवायचं, एवढंच. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. हँडब्रेक लावून ठेवू नका, खाऱ्या हवेत लायनर ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. टाकीत पेट्रोल काठोकाठ, म्हणजे आत हवा कमी आणि ओल कमी धरेल. आणि दिरांना सांगा महिन्यातून एकदा टर्मिनल जोडून दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारून आणा, नुसती अंगणात पाच मिनिटं घुरघुरवून बंद करू नका, त्याने बॅटरी नीट भरत नाही.

उंदीरमामा

आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी. तंबाखू नको.